सासू-सासऱ्यांना घेऊन किन्नौर: डिचोलीच्या ताईंना उत्तर

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मेच्या मध्याला अकरा दिवस मोकळे आहेत. जाणार पाच जण: त्या दोघं, बारा वर्षांची मुलगी, ६६ वर्षांच्या सासूबाई आणि ७१ वर्षांचे सासरे. सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. बेत हिमाचलचा, असा की मोपाहून विमान, मग मनाली, अटल बोगद्यातून स्पितीचं उंच खोरं, तिथून किन्नौर जिल्हा आणि शिमला करून परत. विचारतात, "एवढ्या दिवसांत काय काय बघून होईल आणि काय सोडावं?"

ताई, आधी सोडायचं काय ते सांगतो. या खेपेला स्पिती सोडा. मनालीही सोडा. शिमल्याकडून वर चढा, किन्नौर नीट बघा आणि त्याच वाटेने उतरा. गेली एकवीस वर्षं मी गोव्यातून माणसं घेऊन हिमालयात जातो. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या पाच जणांना अकरा दिवसांत एवढंच झेपेल, आणि तेवढ्यात पैसे वसूल होतील.

एक तर मेच्या मध्याला तुमची वाट बहुधा बंदच असणार. अटल बोगदा उघडा म्हणजे स्पिती उघडी, असं पुष्कळांना वाटतं. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्याने रोहतांगचा घाट टळतो, हे खरं. पण तो तुम्हाला नेऊन सोडतो लाहौलात, रोहतांगपलीकडच्या खोऱ्यात. स्पितीत उतरायचं तर पुढे कुंझुम खिंड आहे, ४,५५१ मीटरवर. तिथलं बर्फ कापून रस्ता मोकळा होतो कधी मेअखेरीला, कधी जून अर्धा सरल्यावर. तोवर आपल्याकडे शाळा सुरू झालेल्या असतात.

आणि वाट उघडी असती तरी मी नकोच म्हटलं असतं. का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत फोंड्याच्या अकरा जणांना मी मनालीहून थेट स्पितीत नेलं. तेव्हा बोगदा नव्हता. रोहतांग, बातल, कुंझुम असं धडपडत निघालो, वाटेत दोन ठिकाणी नाल्याचं पाणी रस्त्यावर आलेलं, त्यामुळे स्पितीतलं मुख्य गाव काझा, तिथे पोचायचं ते राहिलं आणि लोसरला मुक्काम पडला. लोसर म्हणजे चार हजार मीटरच्या वर. मनाली दोन हजारांवर, आणि त्याच्या आदल्या दिवशी ही मंडळी फोंड्यात घरी शीतकडी जेवत होती. रात्री साडेअकरापासून एकेक जण उठू लागला. डोकं ठणकतंय, मळमळतंय. त्यातले एक निवृत्त मास्तर खोलीतून बाहेर आले ते भिंत धरून. पाय सरळ पडत नव्हते. मी विचारलं, "मास्तर, घेतली का थोडी?" ते हसले नाहीत, तेव्हा मला कळलं की ही थट्टेची वेळ नव्हे. त्याच रात्री गाडी काढून त्यांना खाली काझ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन लावला, सकाळी त्यांनी चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्या दिवसापासून मी एकाही माणसाला मनालीकडून स्पितीत चढवलेलं नाही. आता बोगद्याने हा प्रवास आणखी लवकर होतो, म्हणजे अंगाला सवय व्हायला वेळ आणखी कमी मिळतो. मनालीहून निघून त्याच रात्री चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूत झोपायचे बेत मी ऐकतो आणि कपाळाला हात लावतो.

आपण समुद्राकाठची माणसं. गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर सत्तरीतला सोसोगड, तोही हजार-अकराशे मीटरांचा. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ-बासष्ट टक्केच उरतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, पण प्रत्येक श्वासात तो कमी येतो. काझ्याच्या दुकानात वेफर्सची पाकिटं उशीसारखी फुगलेली दिसतात, ती यामुळेच. शरीर याला सरावतं, पण सवडीने. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढायचा, असा डॉक्टरांचा नियम आहे. शिमल्याकडची वाट हे काम आपोआप करते. मनालीची करत नाही.

कापराची वडी हुंगून काय होतं, हा प्रश्न दरवेळी येतो. वास छान येतो, एवढंच. ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात, त्यातला वारा काही मिनिटांत संपतो. डोकेदुखी वाढत चालली, उलटी होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर औषध एकच, खाली उतरणं. अॅसिटाझोलामाइडची गोळी उंचीच्या त्रासावर पुष्कळ जण घेतात, पण सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, आणि सासऱ्यांच्या तर आधीच गोळ्या चालू असतील. म्हणून तिकिटं काढायच्या आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. नुसतं "हिमाचलला चाललोय" म्हणू नका, आकडा सांगा: "तीन हजार मीटरवर दोन रात्री, आणि दोन दिवशी थोडा वेळ साडेतीन हजारांपर्यंत." त्यांनी हो म्हटलं तर पुढचं वाचा.

मोपाहून चंदीगड गाठा, थेट नाही तर दिल्लीमार्गे. मडगावहून चंदीगडला गोवा संपर्क क्रांतीही जाते, पण जाऊन-येऊन तिच्यात चार दिवस जातील, तुम्हाला ते परवडणारे नाहीत. पहिली रात्र चंदीगड किंवा काल्का. दुसऱ्या दिवशी काल्का-शिमला गाडी. १९०३ साली सुरू झालेली, ९६ किलोमीटरची ही अरुंद रुळांची वाट आहे. शंभराच्या वर बोगदे, तिथल्या सगळ्यात लांब बरोगच्या बोगद्याची लांबी अकराशे मीटरच्या वर, आणि खाली पाहिलं तर रोमन पद्धतीचे कमानींवर कमानी रचलेले दगडी पूल. मोटारीने तीन-चार तासांत होणारं अंतर ती पाचेक तास खाते. खाऊ द्या. सासऱ्यांना खिडकी द्या आणि मुलीला बोगदे मोजायला लावा. मे महिन्यात आरक्षण लवकर भरतं, तेवढं सांभाळा.

शिमल्यात एक रात्र पुरे. व्हॉइसरॉयचा १८८८ सालचा वाडा, जिथे आता उच्च अध्ययन संस्था आहे, तो पाहून घ्या. मे महिन्यात मॉल रोडवर चालणं म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत उलट्या दिशेने घुसणं. पुढे चला.

तिसरा मुक्काम नारकंडा, २,७०० मीटरवर. गर्दी इथे गळून पडते. देवदारांतून हाटू शिखरावर गाडी जाते, पण रस्ता एकेरी आणि खडा आहे, म्हणून सकाळी लवकर जा. शिखर ३,४०० मीटरच्या आसपास, त्यामुळे तासाभरात खाली या. जवळच ठाणेदार आणि कोटगढ. हिमाचलच्या सफरचंदाची गोष्ट खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली. सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन माणूस इथे राहिला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाला, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेला. त्याने १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून चांगल्या जातीची कलमं आणून लावली. मेमध्ये सफरचंद खायला मिळणार नाही हे मुलीला आधीच सांगून ठेवा, झाडांवर सुपारीएवढी फळं असतात. गारपिटीने नुकसान होऊ नये म्हणून बागांवर जाळ्या ताणलेल्या दिसतील. आपल्याकडे काजूच्या मोहरावर ढग आले की बागायतदाराच्या तोंडावर जी कळा येते, तीच तिथे आभाळ काळवंडलं की दिसते.

नारकंड्याहून उतरलात की सतलज भेटते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. रामपूरनंतर ज्यूरीला मुख्य रस्ता सोडून सतरा किलोमीटर वर गेलं की सराहन. इथलं भीमाकालीचं देऊळ सासूबाईंना आवडेलच, पण तुम्हीही नीट पाहा. मंगेशी-शांतादुर्गेची घुमट, दीपमाळ, तळी पाहिलेल्या डोळ्यांना हे देऊळ वाटतच नाही. लाकूड-दगडाचे दोन मनोरे आहेत, किल्ल्याच्या बुरुजांसारखे. या बांधणीला काठकुणी म्हणतात. एक थर देवदाराच्या तुळयांचा, त्यावर एक थर घडीव दगडांचा, पुन्हा तुळया. मधे चुना नाही, सिमेंट नाही. जमीन हादरली की हे थर एकमेकांवर जरासे सरकतात आणि पुन्हा बसतात. जुना मनोरा १९०५ च्या भूकंपात कलला, पण पडला नाही. आत जाताना पुरुषांना डोक्यावर टोपी घालावी लागते, तिथेच मिळते. कातड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवायचं. संध्याकाळच्या आरतीला अंगणात बसा, समोर श्रीखंड महादेवाचा डोंगर असतो. इथे पक्षी प्रजनन केंद्र आहे, तिथे जुजुराणा, म्हणजे हिमाचलचा राज्यपक्षी, बघायला मिळतो. मात्र ते विणीच्या दिवसांत बंद ठेवतात, तेव्हा आधी विचारून जा.

सराहन ते सांगला हा रस्ता या प्रवासातला सगळ्यात दचकवणारा. खडक आतून कोरून वाट काढलीय, वर दगडाचं छप्पर आणि एका बाजूला सरळ सतलज. तरंडा इथे रस्त्याकडेला देवीचं देऊळ आहे. प्रत्येक गाडी थांबते, ड्रायव्हर उतरतो, हात जोडतो, टिळा लावून परत येतो. आपले लोक अनमोडच्या घाटात नारळ ठेवतात ना, तसंच. ड्रायव्हरला घाई करायची नाही. शिमला ते कल्पा अडीचशे किलोमीटर आहे, म्हणजे पत्रादेवी ते पोळे असा अख्खा गोवा पार करून वर पुष्कळ उरेल इतकं, पण इथे ताशी वीस-पंचवीस किलोमीटर हाच चांगला वेग. गाडी हिमाचलची, ड्रायव्हर तिथलाच घ्या. आणि जुलै-ऑगस्टला इथे येऊच नका. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून दगड आले आणि गाडीतले नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला दरड कोसळून याहून मोठा अपघात झाला. आपल्या पावसाळ्यात मातीचा रस्ता खचतो, तिथे डोंगरच चालून येतो.

कर्चमला बस्पा नदी सतलजला मिळते, तिथून वर वळलं की सांगला, २,७०० मीटरच्या आत. दोन रात्री इथे. मधल्या दिवशी छितकुल. रस्ता रक्छमवरून जातो आणि ३,४५० मीटरवर छितकुलला संपतो. पुढे सीमेकडची लष्करी हद्द. "हिंदुस्तानचा शेवटचा ढाबा" अशी पाटी तिथे आहे, फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा, पण तिथे अडकू नका. गावात शिरा. लाकडी घरं, नक्षीचे खांब, धान्याची कोठारं आणि गावदेवी माथीचं देऊळ. मग हळूहळू नदीवर उतरा. पाण्यात हात घालून दहापर्यंत मोजता आलं तर मुलीला बक्षीस द्या. माझ्या एकाही गटात कुणी शांतपणे दहापर्यंत गेलेलं नाही. मेमध्ये बर्फाचे उरलेले थर समोरच्या नाळेत असतात, एखादा ओढ्यापर्यंत आलेला सापडतो. त्यासाठी वेगळा "स्नो पॉइंट" शोधायची गरज नाही. तीनच्या सुमारास सांगल्याला परता, सासऱ्यांना छितकुलात झोपवू नका. आणि मासे नसले की घास उतरत नाही अशी आपली जात, म्हणून सांगून ठेवतो: बस्पेत ट्राउट आहे, आणि काही ठिकाणी ताटात मिळतो. बांगड्याची चव शोधलीत तर पस्तावाल. गोड्या पाण्याचा मासा समजून खा, बरा लागतो.

आता कल्पा. रस्ता अडला नाही तर इथे दोन रात्रींहून कमी राहायचं नाही. रेकाँग पिओच्या बाजारातून वर चढत २,९६० मीटरवर हे गाव आहे, आणि सतलजच्या पलीकडे, अगदी समोर, किन्नर कैलासाची रांग. कड्यावर सत्तरेक फूट उंच एक सुळका उभा आहे, तेच शिवलिंग. नुसत्या डोळ्यांनी ते शोधायला वेळ लागतो, गावातला कुणीही बोट धरून दाखवतो. पहाटेचा सूर्योदय बघायला सगळे गजर लावतात, पण रांग पूर्वेला असल्यामुळे पहाटे सूर्य तिच्या पाठीमागून येतो आणि डोंगर काळा दिसतो. खरी वेळ संध्याकाळची. साडेसहाच्या पुढे गाव सावलीत जातं, गारठा चढतो, आणि समोरची शिखरं आधी तुपासारखी, मग केशरी, मग गुलाबी होत जातात. अर्धा तास चालतं हे. खोली घेताना समोर रांग दिसते का ते विचारून घ्या, म्हणजे सासरे शाल लपेटून गॅलरीतूनच बघतील.

कल्प्याचं जुनं नाव चिनी. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्याम सरन नेगी इथलेच शाळामास्तर. बाकी देशात मतदान व्हायचं होतं, पण हिवाळ्यात इथे बर्फ पडून वाटा बंद होतात, म्हणून ऑक्टोबर १९५१ मध्येच इथे मत घेतलं. २०२२ मध्ये शंभरी ओलांडून ते गेले, त्याआधी काही दिवस त्यांनी शेवटचं मत टाकलं होतं. हे मी प्रत्येक गटाला सांगतो, कारण १९५१ मध्ये आपण गोंयकार अजून पोर्तुगीज अमलात होतो. आपल्या विधानसभेचं पहिलं मतदान १९६३ चं.

कल्प्याहून रोघी गावापर्यंत कड्याकडेचा रस्ता आहे, सासूबाईंना जमेल तेवढं सगळ्यांनी चाला. या भागात चिलगोज्याचे पाइन आहेत, गावकरी त्याला न्योजा म्हणतात. शंकूतून बिया काढायच्या, भाजायच्या, सोलायच्या. काजूची भट्टी पाहिलेल्या माणसाला भाव ऐकून धक्का बसत नाही, कष्ट कळतात. पावशेर घ्या. द्राक्षांची, सफरचंदांची घरगुती दारूही इथे गाळतात. आपल्या काजूच्या हुर्राकाची आठवण होईल, पण उंचीवर पहिले दोन दिवस थेंबही नको, आणि सासऱ्यांना तर नकोच.

परतीला एक रात्र रामपूर किंवा नारकंडा, दुसरी चंदीगड, आणि अकराव्या दिवशी विमान. रस्ता बंद पडलाच तर कल्प्याची दुसरी रात्र कमी करायची. तेवढा एकच सुटा दिवस या बेतात आहे.

स्पितीसाठी मात्र तुम्ही दोघं पुन्हा या, गणपतीची चवथ झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी. पाऊस गेलेला, सफरचंदं उतरवायची घाई चाललेली, खिंड उघडी. याच वाटेने कल्प्याला या आणि पुढे नाको, ताबो असं चढत जा. ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून मातीची बैठी घरं, आत अंधार, आणि डोळे सरावले की हजार वर्षांची भित्तिचित्रं आणि भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती दिसू लागतात. फोटोला बंदी आहे, ते बरंच आहे. मग काझा, 'की' नावाचा मठ, आणि ४,४०० मीटरवरचं लांगझा. तिथल्या शेताच्या बांधावर, ओढ्यात चक्री शंखांचे दगड सापडतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम फोडला तर आत जे चक्र दिसतं, तेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता, त्यातले हे जीव. गोव्याच्या माणसाने एवढ्या उंच चढायचं आणि पायाशी समुद्र निघायचा, ही मजा मला अजून जुनी झालेली नाही. पोरं ते दगड विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. शेजारच्या हिक्कीमला १९८३ पासून टपाल कार्यालय आहे, तिथून घरी कार्ड टाका. माझं कार्ड सांखळीला पोचलं तेव्हा मी घरी येऊन तीन आठवडे झाले होते.

एक आपल्याकडचीच अडचण. बरोबर कुणी पोर्तुगीज पासपोर्टवाला नातेवाईक असेल तर रेकाँग पिओच्या पुढे, जंगीपासून सुमदोपर्यंतच्या पट्ट्यासाठी त्याला परवाना लागतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड दाखवून भागत नाही. एका गटात म्हापशाचा एक भाचा असा निघाला, आणि मामा-मामी पुढे, भाचा परवान्यासाठी मागे, अशी गंमत झाली. तुम्ही या खेपेला कल्प्यापर्यंतच जाताय, तिथवर हा प्रश्न येत नाही.

जेवण साधं असतं. राजमा-भात, सिड्डू म्हणजे वाफवलेली भरलेली रोटी तुपाबरोबर, वर गेल्यावर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप. सासऱ्यांना पेजेशिवाय जमत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. उकडे तांदूळ न्या, पण सोबत छोटा कुकर न्या. एकदा मी काझ्याला उघड्या टोपात पेज लावली. तिथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं. दोन तास ढवळलं, गॅस निम्मा संपला, आणि दाणा तसाच, दाताखाली कडकड. घरमालकीण बाई कौतुकाने बघत होत्या. शेवटी त्यांनीच त्यांचा कुकर आणून पुढे ठेवला. कल्प्याला इतकं होणार नाही, पण तिथेही दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या.